रस्त्यावरील सायकलस्वाराचे कायदेशीर स्थान : इंदूरच्या अनुभवाच्या आधारे

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी रस्ता सुरक्षेसंबंधीच्या एका प्रकरणात सर्व राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना एक महत्त्वाचे काम सोपविले. ज्या वाहनांना इंजिन नाही अशा वाहनांच्या आणि पादचाऱ्यांच्या रस्त्यावरील वावरासंबंधी सहा महिन्यांच्या आत नियम तयार करावेत, असा तो आदेश होता. हा अधिकार राज्यांना नव्याने मिळालेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये उपकलम (१अ) घातले गेले, तेव्हापासूनच तो त्यांच्या हाती होता. तो वापरण्याची निकड मात्र न्यायालयाने सांगेपर्यंत फारशी कोणाला जाणवली नव्हती.

हा आदेश गोव्यालाही लागू आहे. पहाटे पाव घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर, कामावर जाणारा मजूर, शाळकरी मुले आणि व्यायामासाठी सायकल चालविणारे हौशी नागरिक या सर्वांचे रस्त्यावरील स्थान अशा नियमांनी ठरणार आहे. ते स्थान आज काय आहे आणि उद्या काय असावे, हे समजून घेण्यासाठी इंदूरचे उदाहरण उपयोगी पडते. स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात अग्रस्थानी राहिलेल्या या शहराने गेल्या काही वर्षांत वाहतुकीचे अनेक प्रयोग केले, काही मोडलेही. त्या प्रयोगांत सायकलस्वार कोठे होता, हा प्रश्न विचारला की कायद्यातील उणीवही स्पष्ट होते.

सायकल : वाहन आहे, पण ‘मोटार वाहन’ नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधील व्याख्येनुसार यांत्रिक शक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्यास योग्य असे वाहन म्हणजे मोटार वाहन. पायडलने चालणारी सायकल या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तिला नोंदणी, क्रमांकाची पाटी किंवा विमा लागत नाही आणि ती चालविणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही. कलम १२९ मधील हेल्मेटची सक्तीही तिला लागू नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींबाबत मात्र सावध राहावे. मोटरची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत, या तिन्ही अटी पूर्ण करणारे आणि रीतसर मान्यता मिळालेले वाहनच केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन समजले जात नाही. दुकानदाराने ‘हिला परवाना लागत नाही’ असे सांगितले, तरी मोटरची शक्ती किंवा वेग या मर्यादेपलीकडे गेल्यास तिला मोटारसायकलीचेच नियम लागतात.

जुन्या पिढीतील वाचकांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. अनेक नगरपालिका सायकलीवर कर आकारून तो देत असत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलेले आढळले की पोलीस अडवीत असत. ती व्यवस्था काळाच्या ओघात बहुतेक ठिकाणी लोप पावली आणि तिच्या जागी दुसरी काहीच आली नाही. सायकलस्वार कराच्या कक्षेतून बाहेर पडला, त्याबरोबर नियोजनकर्त्यांच्या नजरेतूनही निसटला.

मग सायकलस्वाराला नियमच नाहीत काय?

तसे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्यातील कलम ११९, म्हणजे वाहतूक चिन्हे आणि सिग्नल पाळण्याचे कर्तव्य, शब्दशः मोटार वाहनाच्या चालकावर आहे. परंतु भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ ‘कोणतेही वाहन’ सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालविणाऱ्यास लागू होते आणि ‘कोणतेही वाहन’ या शब्दांत सायकलही येते. कलम १२५ नुसार निष्काळजी कृत्याने दुसऱ्याला इजा करणे हा गुन्हा आहे. कलम १०६(१) निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते, तर कलम २८५ सार्वजनिक मार्गात धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्यास दंड सांगते. विरुद्ध दिशेने भरधाव सायकल चालवून एखाद्या वृद्ध पादचाऱ्याला पाडणारा सायकलस्वार कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो.

मात्र अपघात घडण्यापूर्वी सायकलस्वाराने नेमके काय करावे, याची सुटसुटीत नियमावली बहुतेक राज्यांत नाही. दिवा कधी लावावा, वळताना हात कसा दाखवावा, सिग्नलला कोठे थांबावे, दोघांनी शेजारी शेजारी चालवावे काय, या प्रश्नांची उत्तरे प्रथेवर सोडलेली आहेत. नव्या सायकलींवर ठरावीक दर्जाचे परावर्तक असावेत, असा आदेश केंद्राने २०२० मध्ये काढला, पण तो उत्पादक आणि विक्रेते यांच्यासाठी आहे. रस्त्यावर आलेल्या जुन्या सायकलीला त्याचा उपयोग नाही.

चालकाची कर्तव्ये

सायकलस्वाराचा उल्लेख कायद्यात सापडतो तो मुख्यतः इतरांच्या कर्तव्यांच्या संदर्भात. १९८९ च्या जुन्या नियमांची जागा घेणाऱ्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, २०१७ नुसार पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग या सर्वांत असुरक्षित घटकांची विशेष काळजी घेणे हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे. पदपथ किंवा सायकलमार्ग यांवर मोटार वाहन नेण्यासही गणवेशधारी पोलिसाच्या परवानगीखेरीज मनाई आहे. म्हणजे सायकलमार्गावर दुचाकी घालणे हा केवळ असभ्यपणा नसून नियमभंग आहे.

कलम १८४ मधील ‘धोकादायक वाहनचालन’ या गुन्ह्याची व्याप्ती २०१९ मध्ये स्पष्ट करण्यात आली. लाल सिग्नल ओलांडणे, वाहन चालविताना हातात मोबाइल धरणे, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन नेणे यांचा त्यात समावेश आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. धोकादायक ठिकाणी वाहन उभे करण्यास कलम १२२ मनाई करते. कडेला उभ्या केलेल्या मोटारीमुळे सायकलस्वाराला रस्त्याच्या मध्यभागी यावे लागते तेव्हा हे कलम किती मोलाचे आहे, ते कळते.

एक उणीव मात्र ठळक आहे. सायकलला ओलांडून जाताना बाजूने किती अंतर राखावे, याचा मीटरमधील आकडा आपल्या नियमांत नाही, ‘सुरक्षित अंतर’ अशी मोघम अपेक्षा आहे. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर असे अंतर निश्चित केले. ब्रिटनच्या २०२२ मधील सुधारित मार्गदर्शिकेतही ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगासाठी किमान दीड मीटर सांगितलेले आहे. आकडा लिहिलेला असला की चालकाला आपली मर्यादा कळते, पोलिसाला कारवाईचा आधार मिळतो आणि न्यायाधिकरणाला निष्काळजीपणा मोजण्याचे माप मिळते.

इंदूर : प्रयोग अनेक, सायकलस्वार अनुपस्थित

होळकरांच्या या राजधानीला नगररचनेचा विचार नवा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला शहरविकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा ती जपून, जेवढी आवश्यक तेवढीच काटछाट करावी, ही त्यांची दृष्टी होती. राजवाडा, सराफा, खजुरी बाजार या भागातील गल्ल्या आजही पायी किंवा सायकलीने जाण्याजोग्या आहेत. तेथे मोटारीच वाट अडवितात.

शहराचा आधुनिक कणा म्हणजे आग्रा-मुंबई मार्ग. त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात २०१३ पासून जलद बससेवेची स्वतंत्र मार्गिका चालत होती. मधल्या मार्गिकेत बस आणि उरलेल्या जागेत इतर सर्व वाहने, अशी तिची रचना होती. वाहतूक कोंडीची तक्रार वाढत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मार्गिका हटविण्याची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ अखेरीस मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यास मार्ग मोकळा केला आणि ती काढण्याचे काम सुरू झाले. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. बसला जागा द्यावी की मोटारींना, हा वाद रंगला. मोकळ्या होणाऱ्या जागेतून डाव्या कडेला सायकलसाठी दोन मीटरची पट्टी काढता येईल काय, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. वस्तुतः वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्याला प्राधान्य द्यावे, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले होते. सायकलमार्ग किमान दोन मीटर रुंद असावा, ही भारतीय रस्ते परिषदेची शिफारस तर त्याहून कितीतरी जुनी आहे.

अंमलबजावणीच्या बाबतीतही हेच दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये इंदुरात पोलीस आयुक्तालयाची पद्धत सुरू झाली. १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वारांना पेट्रोल न देण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू झाला. या मोहिमेचा हेतू योग्यच होता, परंतु ती स्वतःच्या डोक्याचे रक्षण करण्यापुरती होती. दुसऱ्याचे रक्षण करणारी अंमलबजावणी किती महत्त्वाची आहे, हे त्यानंतर दीड महिन्याने कळले. १५ सप्टेंबर २०२५ रोजी कालानी नगर ते बडा गणपती या गजबजलेल्या रस्त्यावर एक भरधाव ट्रक प्रवेशबंदी असलेल्या भागात घुसला आणि वाटेत येईल त्याला चिरडत गेला. काही जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. प्रवेशबंदीचा फलक तेथे होता, तो पाळून घेणारे कोणी नव्हते.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ सरळ आहे. त्याच्या जिवाचे रक्षण करणारी अंमलबजावणी बहुधा त्याच्याविषयी नसतेच. अवजड वाहनांची प्रवेशबंदी, वेगमर्यादा, मद्यपी चालकांची तपासणी आणि कडेची पार्किंग या चार ठिकाणी पोलीस दक्ष असले, तर सायकलस्वार आपोआप सुरक्षित होतो.

वेग आणि वजन यांचे गणित

रस्त्यावरील जबाबदारी समान वाटून घ्यावी, असे पुष्कळदा सुचविले जाते. नियम दोघांनाही असावेत, हे खरे, पण धोका समान नाही. स्वारासह सुमारे ९० किलो वजनाची सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल आणि १,२०० किलोची मोटार ताशी ४५ किलोमीटरने, तर मोटारीची गतिज ऊर्जा सायकलीच्या सुमारे १२० पट भरते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी व सायकलस्वार जेथे वाहनांत मिसळतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचविण्यात आली. नेदरलँड्सच्या कायद्यात तर सायकलस्वार किंवा पादचारी यांच्याशी झालेल्या अपघातात नुकसानभरपाईचा भार मुळात मोटार वाहनधारकावर असतो. ज्याची इजा करण्याची क्षमता अधिक, त्याची जबाबदारी अधिक, हे त्यामागील तत्त्व आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. टक्केवारी लहान वाटली, तरी ती एका वर्षातील चार हजारांहून अधिक माणसे आहेत.

सायकलस्वार नियम का मोडतात?

मोटारचालकांची सायकलस्वारांविषयीची तक्रार निराधार नाही. ते विरुद्ध दिशेने येतात, सिग्नल पाळत नाहीत, रात्री दिवा लावत नाहीत. यातील काही गोष्टी निव्वळ बेफिकिरी आहेत, तर काहींचे मूळ रस्त्याच्या रचनेत आहे. लांबच लांब दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरच्या दुकानात जाण्यासाठी मोटारीला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटे लागतात, सायकलस्वाराला तेवढ्याचसाठी दहा मिनिटे पायडल मारावे लागते. तो विरुद्ध दिशा धरतो. चौकात डावे वळण सदैव मोकळे ठेवलेले असते. सरळ जाणारा सायकलस्वार डाव्या कडेने चालत असल्याने वळणाऱ्या वाहनांच्या नेमका वाटेत येतो, म्हणून सिग्नल सुटण्यापूर्वीच चौक पार करणे त्याला सुरक्षित वाटते.

अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ मध्ये याच अनुभवातून सायकलस्वाराला थांब्याच्या चिन्हाशी वाट रिकामी असल्यास न थांबता पुढे जाण्याची मुभा दिली. आपल्या गर्दीच्या चौकांत ती सवलत जशीच्या तशी आणणे धोक्याचे ठरेल. मात्र थांबारेषेच्या पुढे सायकलींसाठी राखीव चौकट आखणे, दुभाजकात ठरावीक अंतरावर सायकल नेता येईल एवढी फट ठेवणे आणि शाळांजवळ मोकळे डावे वळण बंद करणे हे उपाय स्वस्त आणि सहज करता येण्याजोगे आहेत.

अपघात झाल्यास सायकलस्वाराचे हक्क

● मोटार वाहनाने धडक दिल्यास सायकलस्वार हा ‘त्रयस्थ पक्ष’ ठरतो. वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा कायद्याने सक्तीचा असल्याने भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली अर्ज करता येतो.

● या अर्जासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर असला, तरी अर्ज मुदतीतच करणे हिताचे.

● चालकाचा दोष सिद्ध करण्याच्या कटकटीत न पडता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात.

● धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची शासकीय भरपाई मिळते. त्यासाठी तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

● मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळू शकतात. ११२ या क्रमांकावर कळविणे ही पहिली पायरी.

● मदत करणाऱ्या नागरिकाला कलम १३४अ चे संरक्षण आहे. साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

● सायकलस्वाराचाही दोष आढळला तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. अंधारात दिवा नसणे किंवा विरुद्ध दिशेने जाणे हे मुद्दे विमा कंपनी हमखास मांडते. दिवा, परावर्तक आणि डावी बाजू यांचे महत्त्व न्यायाधिकरणातही कळते.

सायकलनेच पादचाऱ्याला इजा झाली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग उपलब्ध नसतो. जखमीला दिवाणी न्यायालयात जावे लागते.

बंदी की जागा?

कलम १३८(१अ) मध्ये ‘वावर आणि प्रवेश यांचे नियमन’ असे शब्द आहेत. नियमन म्हणजे जागा देणेही होते आणि मज्जाव करणेही. कोलकात्यात २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घालण्यात आली. दूधवाले, वर्तमानपत्र विक्रेते, कारागीर यांच्या पोटावर ती आली आणि पुढे ती शिथिल करावी लागली. बंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकेवर ऑगस्ट २०२३ पासून इंजिनविरहित वाहनांना मनाई आहे. भरधाव महामार्गासाठी अशी मनाई समजण्यासारखी आहे, कारण शेजारी सेवारस्ता असतो. शहरातील एकुलत्या एक मुख्य रस्त्यावर तीच पद्धत लावली, तर सायकलस्वाराने जावे कोठून?

मध्य प्रदेशातच पाहावे. तेथील शासन ग्रामीण भागातील सहावी आणि नववीच्या पात्र विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यासाठी वर्षानुवर्षे मोफत सायकली देते. या योजनेने असंख्य मुलींचे शिक्षण सुरू राहिले. तीच मुलगी पुढे महाविद्यालयासाठी इंदुरात आली, की तिच्या सायकलीला रस्त्यावर जागा नसते. सायकल देणारे आणि रस्ता आखणारे शासन एकच आहे, पण त्या दोन खात्यांची गाठ पडत नाही. त्याच राज्यातील जबलपूर मात्र केंद्राच्या सायकलस्नेही शहरांच्या स्पर्धेत पहिल्या पंचवीस शहरांत निवडले गेले होते. तेव्हा इच्छा असल्यास मार्ग निघतो, हे सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

नव्या नियमांकडून अपेक्षा

कोणत्याही राज्याच्या नियमांची कसोटी तीन प्रश्नांनी घेता येईल. पहिला, सायकलस्वाराची कर्तव्ये त्यांत सोप्या भाषेत आहेत काय : रात्री पुढे पांढरा व मागे लाल दिवा, डावी बाजू, वळताना हाताची खूण, सिग्नलचे पालन. दुसरा, चालकाने राखावयाचे अंतर मीटरमध्ये आणि मिश्र वस्तीतील वेग किलोमीटरमध्ये लिहिला आहे काय. तिसरा, ज्या रस्त्यावर सायकलला मनाई होईल, तेथे पर्यायी सुरक्षित मार्ग आधी तयार करण्याचे बंधन प्रशासनावर आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंचा उपयोग मर्यादित राहील.

दंडाच्या रकमेचाही विचार हवा. आजची दंडयंत्रणा कॅमेऱ्यावर आणि क्रमांकाच्या पाटीवर चालते. पाटी नसलेला सायकलस्वार तिला दिसत नाही. त्याला दिसण्याजोगा करण्यासाठी पुन्हा बिल्ला आणि परवाना आणणे म्हणजे गरिबाच्या वाहनावर नवा भार टाकणे होय. शंभर रुपयांचा दंड रोजंदारीवरील मजुराला अर्ध्या दिवसाच्या जेवणाइतका पडतो, तेवढाच दंड मोटारीतील माणसाच्या ध्यानातही राहत नाही. दिवा नसलेल्या सायकलस्वाराला दंडाच्या पावतीऐवजी दिवाच बसवून देणारी मोहीम अधिक फलदायी ठरेल, कारण तीच रात्री त्याला घरी सुखरूप पोहोचविते.

सर्वोच्च न्यायालयाने दिलेला अवधी म्हणूनच केवळ अधिसूचना काढण्याचा अवधी नव्हे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना नोंदविण्याचा अधिकार नागरिकांना असतो. मोटारचालकांच्या वतीने बोलणारे पुष्कळ आहेत. पोदेराच्या, मजुराच्या आणि शाळकरी मुलीच्या वतीने त्या मुदतीत कोणी लिहिणार काय, यावर पुढील अनेक वर्षांचा रस्ता ठरेल.